तक्रारीचे तीनशे

“हे तीनशे कसले कापले?”

मालनबाईंनी चेकाबरोबर आलेला कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला. समोर सुधींद्र होता. माल विकायला देणाऱ्यांचं सगळं तोच बघायचा. धारवाडकडचा, घरी मराठी बोलणारा, म्हणून मालनबाई बंगळुरातल्या चामराजपेटेहून दोन बस बदलून मल्लेश्वरमच्या या ऑफिसात यायच्या त्या त्याच्याशीच भांडायला.

“तक्रार आली अक्का, गिऱ्हाइकाची. एका तक्रारीला तीनशे. एक तारखेपासून नवा नियम.”

“तुमचे नियम म्हणजे उकिरड्यावरच्या भुईछत्र्या. रोज सकाळी नव्या उगवलेल्या.”

पहिल्यांदा घरी आली तेव्हा ही कंपनी गोड होती. इंटरनेटवर दुकान म्हणजे काय, हे गल्लीत कुणाला धड ठाऊक नव्हतं. शिंप्याच्या घरातल्या गोधड्या अमेरिकेत विकू, फक्त दहा टक्के घेऊ, म्हणाली. विकल्याही. मग फोटोचे पैसे लागले. दहाचे पंधरा झाले. पुढे दिसायचं तर त्याचे वेगळे, आणि ते दिले नाहीत तर गोधडी इतकी मागे ढकलायची की देवालाही सापडू नये. आता बावीस टक्के झाले होते आणि वर हा दंड.

बाजारातल्या दुकानदारांनी गोधडी घेणं कधीच सोडलं होतं. त्यांना पानिपतची ब्लँकेटं स्वस्त पडत. राहिलं होतं हे एकच गिऱ्हाईक. मालनबाईंच्या पुढच्या खोलीत चार बायका शिवायला बसायच्या. मागच्या महिन्यात दोघींना नको म्हणून सांगावं लागलं. आज सकाळी उरलेल्या दोघी सुया घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे न बघता मालनबाई म्हणाल्या होत्या, “आज बसा. उद्याचं संध्याकाळी सांगते.”

“स्वल्प थांबा अक्का, साहेबांना विचारतो,” सुधींद्र म्हणाला.

“साहेबाला काय विचारतोस? त्याच्याच डोक्यातून उगवल्या त्या छत्र्या. माझं नाव काढ. आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर.”

“नंतर परत लावायचं म्हणालात तर पुन्हा सगळी फी पडेल.”

“परत येते मी. वाट बघ.”

“सरी, ठीक आहे.” त्याने ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. “इथे सही करा. चार दिवसांत तुमचं पान बंद होईल.”

मालनबाईंनी पेन घेतलं. सही त्यांना सावकाशच यायची. पहिलं अक्षर काढून त्या थांबल्या.

“ती तक्रार वाच आधी. चाळीस वर्षं माझ्या टाक्याला कुणी नाव ठेवलं नाही. कळू दे तरी कुठली महाराणी आहे ती.”

सुधींद्रने फायलीतून एक कागद शोधला. मजकूर इंग्रजीत होता. तो अडखळत मराठीत सांगू लागला.

“टाके सुंदर आहेत, म्हणते. पैसे परत नकोत. गोधडीही परत करणार नाही.”

“मग कशाला रडते?”

“पुढचं आम्हाला कुणालाच समजलं नाही अक्का. म्हणून साहेबांनी तक्रारीत टाकलं. लिहिलंय, ‘गोधडी उपाशी आली. डावा कोपरा चाचपून पाहिला, रिकामा आहे. शिवणाऱ्या बाईंना एवढं कळवा.’”

मालनबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

त्यांच्या घरात गोधडीची शेवटची कड बंद करण्याआधी डाव्या कोपऱ्यात नखाएवढा पोळीचा तुकडा घालत. पांघरणाऱ्याला कधी उपाशी झोपावं लागू नये, म्हणून आधी गोधडीचं पोट भरायचं. खाण्याची वस्तू निघाली तर माल परदेशात अडकेल, असं कंपनीने बजावलं होतं, म्हणून अमेरिकेच्या गोधड्यांत तुकडा घालणं मालनबाईंनी सोडून दिलं होतं. हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. शिवायला येणाऱ्या बायकांनाही नाही. तो कोपरा सासूने मालनबाईंना दिला होता आणि मालनबाईंनी एकीलाच शिकवला होता. वीणाला. आपल्या मुलीला.

वीणा नऊ वर्षांपूर्वी परजातीच्या मुलाबरोबर निघून गेली. त्या दिवशी मालनबाईंनी दारात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या नावाने आंघोळ केल्याचं सांगितलं होतं. वर्षाने एक पत्र आलं. ते त्यांनी न उघडता बंबात घातलं. पाकिटावर पाठवणारीचा पत्ता होता की नाही, हेही पाहिलं नाही. दुसरं पत्र आलं नाही.

“तिचं नाव काय?” मालनबाईंनी विचारलं.

“ते नाही सांगता येत.”

“गाव?”

“नाही अक्का. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, विकणाऱ्याला काही द्यायचं नाही. नाहीतर तुम्ही परस्पर विकाल आणि आमचे टक्के बुडतील. माझी नोकरी जाईल.”

“नुसतं विचारते रे. बरी आहे का तेवढं.”

“ते या कागदात कुठे असणार, अक्का?”

“पुन्हा घेईल का ती?”

“तुमचं पान दिसलं तर घेईलही. पानच नसेल तर तिला कसं सापडणार तुम्ही?”

मालनबाईंनी फॉर्म उचलला. त्याची चौघडी घातली, मग आणखी एक, आणि तो मुठीत धरला. या टेबलाशी त्या आजवर कुणाला अहो-जाहो बोलल्या नव्हत्या.

“तीस टक्के कापा,” त्या म्हणाल्या. “पस्तीस कापा हवे तर. पण मला बंद करू नका, साहेब.”