नेहमीचा आकडा

दम मोजायचं यंत्र रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने हवा ढकलून जुळवायचं, असा नियम. सिरिंज दुरुस्तीला गेली, तेव्हा लॅबवाल्याने स्वतःच फुंकून पाहिलं. आकडा नेहमीपेक्षा बराच कमी आला. यंत्र बिघडलं म्हणत त्याने आपला नेहमीचा आकडा दिसेपर्यंत ते जुळवलं. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, त्याने यंत्र ओळखलं. पुढे आलेले सगळे पेशंट ठणठणीत निघाले.

सिरिंज परत घेऊन आलेल्या मेकॅनिकने दांडा रेटला. यंत्राने चार लिटर दाखवले.

"कशावरून जुळवलंत हे?"

"माझ्यावरून. माझा आकडा कधी हलत नाही."

मेकॅनिकने यंत्र मूळ मापावर आणलं आणि फुंकायची नवी नळी बसवली.

"मधल्या सगळ्या पेशंटना परत बोलवा," तो म्हणाला. "आधी तुम्ही बसा."