शेवाळी चौकडी

"हात लावून बघा, पण कुणाचं कापड ते विचारायचं नाही," फौजदारीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे ते ओळखायचं असतं."

लांब टेबलावर गोधडी पसरली होती. टेकडीवरच्या विश्रामगृहातला शिबिराचा हा शेवटचा दिवस. उद्या सकाळी गोधडी सभागृहाच्या भिंतीवर चढणार आणि प्रदर्शन सुरू होणार. बायकांच्या या मंडळाची एक रीत होती. प्रत्येकीने आपल्या माणसाच्या कापडाचा एक तुकडा लावायचा, पण तो कुणाचा ते सांगायचं नाही. बघायला आलेल्यांपैकी जो कापड ओळखेल, त्याने त्याच्या कडेला लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. जुन्या गोधड्यांवर काही तुकड्यांना टाक्यांची झालरच लागली होती. कुणाचा तरी आजोबा सगळ्या गावाला माहीत असतो, तसं.

चिमी कौतुकाने बघत होती. पन्नाशी उलटली तरी वहिनीने तिला चिमीच ठेवलं होतं. वहिनी दरवर्षी शिबिराला बोलवायची आणि दरवर्षी चिमीला काहीतरी काम निघायचं. या खेपेला वहिनी स्वतःच न्यायला दारात उभी राहिली, तेव्हा मात्र तिचा नाइलाज झाला.

खालच्या कोपऱ्यात तिचा हात थांबला.

शेवाळी कापड. त्यावर विटकरी चौकडी.

"काय हो, सुई राहिली का आत?" नर्सबाईंनी विचारलं. "टोचलं?"

"नाही. छान आहे हा."

"तो तुमच्या वहिनीचा. दरवर्षी तोच. आम्ही जुनेरं फाडून आणतो, आणि ही बाई कोरं करकरीत कापड लावते. खळसुद्धा गेलेली नसते. वर आजवर त्याला एक लाल टाका पडला असेल तर शपथ!"

"आणि दिवसभर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसते," फौजदारीणबाई म्हणाल्या. "जेवायलाही उठत नाही. चपला राखायला बसवल्यासारखी."

सगळ्या खो खो हसल्या. टेबलाच्या पलीकडे वहिनीही हसली आणि पुन्हा मान खाली घालून किनार शिवू लागली.

चिमीने कापडावरचा हात काढून घेतला.

कित्येक वर्षांपूर्वी दादा, वहिनीचा नवरा, चिमीकडेच यायला निघाला होता. आईचं घर पाडायचं की ठेवायचं, यावरून भावा-बहिणीत अबोला होता. तो मिटवायला म्हणून निघाला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. वाट बघून डोळे शिणले, पण दादा आलाच नाही, हे चिमीने पोलिसांना रडत रडत सांगितलं होतं. अंगावर कपडे कुठले होते, असं वहिनीला विचारलं तेव्हा ती नुसती बघत राहिली होती. धक्का बसलाय, असं लोक म्हणाले. तपास बरेच दिवस चालला आणि थंडावला. तपास होता फौजदारीणबाईंच्या नवऱ्याकडे. आता ते निवृत्त झाले होते, आणि उद्या फीत कापायला तेच येणार होते.

दादाचा हा शर्ट इथे आला कसा? अंगातला शर्ट माघारी येतो आणि माणूस येत नाही, हे कसं?

चिमीला एवढंच कळत होतं, की हे कापड उद्या भिंतीवर चढता कामा नये.

जेवणं झाल्यावर बायका आडव्या झाल्या. वहिनी एकटीच टेबलाशी होती. चिमी शेजारी जाऊन बसली. खिडकीबाहेर वारा पडला होता, पान हलत नव्हतं.

"वहिनी, तो तुकडा उसव."

"कुठला गं?"

"वेड पांघरू नकोस. कोपऱ्यातला."

वहिनीने चष्मा कपाळावर चढवला. "का? उठून दिसतो?"

"कुणी ओळखला तर काय सांगशील? उद्या फौजदार येणार आहेत."

"इतक्या वर्षांत कुणी ओळखला नाही बाई."

"मी ओळखला ना!" चिमीचा आवाज चढला. मग तिने तो आवरला आणि वहिनीच्या गुडघ्यावर हात ठेवला. या गुडघ्याला टेकून तिने लहानपणी वेण्या घालून घेतल्या होत्या. "हे बघ. तुझ्याकडून काय झालं, कसं झालं, मला ऐकायचंही नाही. मी एक अक्षर बोलणार नाही. तू मला आईसारखी आहेस. पण दादाच्या अंगात शेवटी हाच शर्ट होता. आपण दोघी मिळून उसवू, चल."

वहिनीने किनारीचा दोरा तोडला.

"अंगात होता? नक्की?"

"माझ्या भावाचा शर्ट मला कळणार नाही?"

वहिनीने डबा उघडला, लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि एका दमात सुईत दोरा ओवला. चिमीने कात्रीसाठी वळून पाहिलं, तर दारात फौजदारीणबाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. हातातल्या चहाला साय धरली होती.

"घे," वहिनी सुई पुढे करत म्हणाली. "तू ओळखलंस, तर टाका तुझा."

"वहिनी, अगं..."

"तो घरातून पांढऱ्या शर्टात निघाला होता, चिमी. या कापडाचा शर्ट मी नवा शिवून पिशवीत तळाशी ठेवला आणि बजावलं, वाटेत मळवू नकोस, तिच्या दारात पोचलास की घाल. हा त्यातलाच उरलेला तुकडा. तो शर्ट त्याच्या अंगात मीसुद्धा कधी पाहिला नाही."