पहिले हजार किलोमीटर

नव्याकोऱ्या स्पोर्ट्स कारची चावी त्याच्या हातात देतानाच मेकॅनिकने बजावलं होतं, "पहिले हजार किलोमीटर गिअरबॉक्सला जपा. गाडी दामटू नका."

बाबांच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याने त्यांना शेजारी बसवलं आणि खाडकन गिअर टाकला. "अरे, हळू!" उभा जन्म ट्रक चालवलेले बाबा घामाघूम होऊनही ओरडले. "नव्या गिअरबॉक्सची वाट लावशील. मला काही होत नाही." बाबांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. त्याने गाडी हळू घेतली. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, तेव्हा बाबा गेलेले होते.

पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक एक चक्कर मारून आला. "वा! गिअर कसे लोण्यासारखे पडतायत. एकदाही दामटली नाहीत ना?"



"नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."