चौथी नळी

धाकट्याने घरच्या गॅरेजमध्ये गाडीच्या टर्बोसाठी स्वतः वेल्डिंग करून इंजिनाचा धूर टर्बोत नेणारा चार नळ्यांचा एक्झॉस्ट हेडर बनवला, आणि वीस वर्षं वेल्डिंगवरच पोट भरणाऱ्या थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. बँकेतला कारकून हा, आणि जोड कसे, तर मशीनने घातल्यासारखे. "भाऊजींचा हात सफाईदार आहे हं," बायकोने जखमेवर मीठ चोळलं. थोरल्याने चष्मा चढवून खोट शोधली, सापडेना. मग नळ्यांत बोट घातलं. तीन काचेसारख्या गुळगुळीत होत्या. चौथी आतून खरखरीत लागली. त्याचा जीव भांड्यात पडला. "वेल्डिंग करताना आतून खपली धरू नये म्हणून नळीत गॅस सोडतात, तो सोडला नाहीस ना? या खपलीचा एक कण सुटला की टर्बोच्या पात्यांचा भुगा." "माहीत आहे," धाकटा हळूच म्हणाला. "पण तो जोड तुझा आहे, दादा. मला पहिल्यांदा शिकवताना याच नळीवर घातलेला. कापायला हात धजावेना." थोरल्याचं बोट नळीतच राहिलं.