उताणी की पालथी

वुम्पिनीची काकू तापाने गेली आणि काकाने पुतणीलाच चेटकीण ठरवलं. गोरखचिंचेखाली गाव निवाड्याला बसलं. गळा चिरलेली कोंबडी उताणी मेली तर पोरगी सुटणार, पालथी मेली तर गावाबाहेर जाणार.

"कबूल कर," काका म्हणाला.

"काकूने माझ्या मांडीवर जीव सोडला. तुम्ही कुठे होतात? कापा."

म्हाताऱ्या पुजाऱ्याने सुरी फिरवून कोंबडी सोडली. ती पडलीच नाही. लोंबत्या मानेने चालत आली आणि वुम्पिनीच्या मांडीवर बसली.

पुजाऱ्याने दुसरी कापली. तीही आली.

"तू आहेस तरी कोण, पोरी?"

"ते तुम्ही ठरवणार होतात ना, आजोबा? तिसरी आणा."

आणायला कोणाला उठावं लागलं नाही. साऱ्या गावाच्या कोंबड्या पुजाऱ्यासमोर उभ्या होत्या, माना वर करून.