हाल्ब नॉइन

जर्मनच्या वर्गात आज घड्याळ शिकायचं होतं. वेळ लिहिलेला एखादा जर्मन कागद घरात असेल तर घेऊन या, असं शिक्षिकेने सांगून ठेवलं होतं. बाकीच्यांनी तिकिटं आणली. टेलरबाईंनी पर्समधून एकोणीस वर्षांपूर्वीचं पत्र काढलं.

टेलरबाई साठीला टेकलेल्या. मुलीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला जायचं, म्हणून या वयात ही भाषेची खटपट. पत्र होतं त्यांच्या पहिल्या नवऱ्याबद्दलचं. तो तिकडच्या एका कारखान्यात वेल्डर होता. कामावर भाजला आणि दवाखान्यातच गेला. तिथल्या नर्सने आपण होऊन चार ओळी लिहून पाठवल्या होत्या.

त्या वाचून दाखवल्या फिटरने. फिटर म्हणजे वेल्डरचा जिवलग मित्र, त्याच कारखान्यातला. अपघाताचं कळलं तेव्हा तो दुसऱ्या गावी कामाला गेलेला. दोघा सहकाऱ्यांना घेऊन धावतपळत निघाला, तो सकाळी नऊच्या ठोक्याला दवाखान्यात पोचला. सहकारी बाहेर थांबले, हा एकटाच आत गेला. वेल्डरने त्याचा हात घट्ट धरला, म्हणाला, हिला एकटी सोडू नकोस, तूच सांभाळ. साडेनऊला प्राण सोडला. पत्रातही तीच वेळ आहे म्हणून फिटरने त्या शब्दांवर बोट ठेवून दाखवलं होतं.

टेलरबाईंना फिटर कधीच आवडला नव्हता. दीड वर्ष त्या नाहीच म्हणत राहिल्या. पण मरणाऱ्याचा शब्द मोडवेना. शेवटी, कालपर्यंत 'वहिनी' म्हणणाऱ्या माणसाशी त्यांनी संसार मांडला. माणूस वाईट नव्हता. त्यांचं मन मात्र कधी रमलं नाही, आणि तसं त्यांनी कुणाला जाणवूही दिलं नाही.

शिक्षिकेने पत्र वाचलं आणि तिचा आवाज खाली आला. हे वर्गात घेतलं तर चालेल ना, असं तिने हळूच विचारलं. टेलरबाईंनी मान डोलावली.

"इथे 'हाल्ब नॉइन' लिहिलंय," शिक्षिका म्हणाली. "म्हणजे अर्धा नऊ. नवखा माणूस इथे हमखास फसतो, साडेनऊ म्हणून मोकळा होतो. पण त्यांच्याकडे नऊ वाजायला अर्धा तास उरला, की अर्धा नऊ."

टेलरबाई पत्रावर वाकल्या.

"म्हणजे नक्की किती?"

"साडेआठ. साडेआठला गेले ते."