एकोणीस मतं

समलिंगी जोडप्यांच्या हक्कांचं विधेयक सिनेटर टटल यांनी अकरा वर्षं अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या विधिमंडळात दाबून ठेवलं. अकराव्या वर्षी मार्गो गेली. कायद्यानं नातं नाही म्हणून व्हर्नाला शेवटपर्यंत रुग्णालयातल्या तिच्या खोलीत सोडलं नाही. तीस वर्षांचा संसार होता दोघींचा. पुढच्या निवडणुकीत व्हर्ना टटलांविरुद्ध दारोदार फिरली. ते एकोणीस मतांनी पडले.

ते कार्यालय रिकामं करत असताना ती त्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

"झालं समाधान?" टटलांनी विचारलं.

"नाही. शेवटचं खोकं बाहेर जाईपर्यंत थांबणार आहे."

"बाई, तुम्हाला गाडी चालवता येत नाही. इतक्या लांबच्या शेतघरांवर पोचलात कशा?"

"तुमच्या बायकोनं पोचवलं. तुमचा मुलगा त्याच्या नवऱ्याला घेऊन घरी आला, तेव्हा तुम्ही दार लावलंत. ते ती विसरलेली नाही."